व्याह्यांनी निवडलेले खांब

माझ्या व्याह्यांबद्दल काहीतरी लिहून ठेवा असं मुलीने सांगितलं, म्हणून बसलो आहे. मला लिहायची सवय नाही, आणि व्याह्यांना मी ओळखत होतो असं म्हणायलाही संकोच वाटतो. ते लहानपणी कुठे वाढले, दिव्यांच्या कामाकडे कसे वळले, त्यांची बायको कशी होती, यातलं मला काहीच माहीत नाही. बायको आमचं नातं जुळायच्या आधीच गेली होती. ते तिचा विषय काढत नसत, आणि मीही कधी विचारलं नाही. माझी मुलगी त्यांच्या मुलाला दिली तेव्हापासून आम्ही एकमेकांना ‘व्याही’ म्हणत आलो, ते शेवटपर्यंत. त्यामुळे जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच इथे आहे.

त्यांचा धंदा बाहेरच्या दिव्यांच्या माळा लावण्याचा. बागा, गच्च्या, हॉटेलांची अंगणं, लग्नाची मैदानं. दिवे त्यांचे, तारा त्यांच्या, लावणारेही तेच. बोलणं भरपूर आणि त्यातलं बरंचसं स्वतःबद्दल. “माळ काय, कोणीही लावील,” असं ते दर भेटीला सांगत. “ती कशाच्या आधाराने लावायची, ते ठरवणं हे खरं काम.”

हे ठरवायची त्यांची एकच रीत होती. जे काही आधार म्हणून समोर दिसेल ते दोन्ही हातांनी धरायचं, पाय रोवायचे आणि सगळा भार टाकून ओढायचं. खांब, कठडा, खिडकीचा गज, झाडाची फांदी, काहीही. ही सवय कामापुरती राहिली नव्हती. बँकेचं दार ते आधी ओढून बघत आणि मग आत जात. बसमधली दांडी ओढून बघत. कोणाच्या घरी खुर्ची दिली तर तिची पाठ हलवून मग बसत. त्यामुळे सगळे त्यांना ओढूकाका म्हणत, आणि घरचे अण्णा.

पहिल्यांदा ते आमच्याकडे आले ते मुलीला बघायला. मुलगी पाणी घेऊन बाहेर आली तेव्हा व्याही खिडकीजवळ उभे राहून आमच्या गजांना लोंबकळत होते. आमची ही दारामागून मला म्हणाली, “हे मुलगी बघायला आलेत की घर पाडायला?” गज निघाला नाही. व्याही समाधानाने वळले आणि म्हणाले, “घर चांगलं आहे.” स्थळ ठरलं.

ते नेहमी बरोबर असत असं मात्र नाही. एकदा माझ्यादेखत त्यांनी एका हॉटेलवाल्याला भिंतीची खात्री दिली होती. दुसऱ्या दिवशी हुक प्लास्टरसकट खाली आला. व्याह्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “भिंत खोटं बोलली.” चूक झाली असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

आता मुद्द्याचं. शेवटच्या काही वर्षांत शिडीवर चढलं की त्यांना चक्कर यायला लागली. एका बागेत ते शिडीच्या पायाशी डोकं धरून बसलेले त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या जावयाला, दिसले. जावई नोकरी करतो. स्वभावाने सरळ, पण एकदा बोलला की बोलला. त्याने बेकरीत घरच्या सगळ्यांसमोर सांगितलं, “अण्णा, पुन्हा एकदा शिडीवर चक्कर आली, तर त्या दिवसापासून हे बंद. दिवे, तारा सगळं विकून टाकू. तुम्ही बेकरीच्या गल्ल्यावर बसायचं.”

बेकरी माझ्या मुलीची. व्याही तेव्हा म्हणाले, “ऊन लागलं होतं रे. चक्कर कसली.” पण ते बोलले ते मुलाकडे न बघता, गल्ल्याकडे बघून.

पुढे मुलीने ठरवलं की बेकरीच्या मागच्या अंगणात टेबलं मांडायची. तोपर्यंत तिथे रिकामे डबे आणि एक मोडकी भट्टी पडलेली होती. ती हलवली तसं अंगण चांगलं मोठं निघालं. एका अंगाला बेकरीची विटांची भिंत, समोर शेजारच्या सुताराची पत्र्याची शेड, आणि कोपऱ्यात बदामाचं झाड. त्याच्या फांद्या मजल्यासारख्या एकावर एक आडव्या पसरलेल्या. संध्याकाळी लोकांनी बाहेर बसावं आणि डोक्यावर दिव्यांच्या माळा असाव्यात, अशी तिची कल्पना. माळा झाडापासून निघून भिंतीपर्यंत याव्यात. घरात माळवाला सासरा असताना बाहेरचा माणूस बोलवायचा प्रश्नच नव्हता.

व्याह्यांचा मला फोन आला. “व्याही, उद्या रिकामे आहात?”

मी निवृत्त झाल्यापासून रोजच रिकामा असतो. म्हणालो, “आहे.”

“मग या. शिडी धरायला माणूस पाहिजे.”

मुलीकडच्या बापाने मुलाकडच्या बापाची शिडी धरायची, हे मला जरा गमतीचं वाटलं. तरी गेलो.

सकाळी त्यांनी अंगणाची फेरी सुरू केली. मी मागे. भिंतीतल्या विटा ओढण्यासारख्या नव्हत्या म्हणून त्यांनी त्यांवर मूठ आपटली आणि मान डोलावली. गच्चीवरून उतरलेला पाण्याचा पाइप हलवला. “हा पाण्यासाठी. याला तार बांधली तर पहिल्या वाऱ्यात पाणी आणि दिवे एकदमच खाली.” सुताराच्या शेडची कड धरून ओढली तर सगळा पत्रा थरथरला, आणि आतून सुतार ओरडला, “ओढूकाका, माझं छप्पर माझ्याकडेच राहू द्या!”

“तुझ्याकडे आहे तोवर आहे,” व्याही म्हणाले आणि पुढे गेले.

मग झाड. मी शिडी टेकवून धरली. ते निम्म्यापर्यंत भराभर चढले आणि थांबले. मला वाटलं फांदी न्याहाळताहेत. वर पाहिलं तर त्यांनी शिडीला मिठी मारली होती आणि डोळे मिटलेले होते. त्यांच्या चपलेची टाच माझ्या कपाळाजवळ थडथडत होती. मी शिडी घट्ट धरली. बऱ्याच वेळाने ते एकेक पाय चाचपत उतरले. चेहरा पांढरा पडला होता.

“फांदी कुजकी आहे,” ते म्हणाले.

फांदी हिरवीगार होती, पानांनी भरलेली. मी म्हणालो, “असं का.”

“झाडाचं काही खरं नसतं. आपण खांब लावू.”

दुपारी त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. मुलगी नाराज झाली. “अण्णा, एवढं झाड असताना खांब कशाला? आख्ख्या गावाच्या झाडांवर माळा बांधल्यात आणि सुनेच्या झाडाला नाही म्हणता?”

“झाड हलतं, सूनबाई. तार ताणून बांधली आणि वारा आला की एक तर तार तुटते नाही तर फांदी.”

जावई जेवता जेवता म्हणाला, “अण्णा, झाडं काय आजच हलायला लागली? तुम्हीच तर सांगायचा, की झाडाकडे कप्पी लावायची, तारेच्या टोकाला वजन सोडायचं, मग झाड कितीही हलो.” आणि मग हसून, “नाचता येईना अंगण वाकडं.”

तो सहज बोलला होता, नेहमीची थट्टा. पण व्याह्यांचा घास हातातच राहिला. मुलगी माझ्याकडे वळली. “बाबा, तुम्ही होतात ना सकाळी? फांदी खरंच कुजकी आहे?”

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हणालो, “मला झाडातलं कळत नाही. खांब बरे दिसतील.” तेवढ्यावर विषय संपला.

खांब वेल्डरकडून करून घेतले, आणि ते बघून मी मनात कबूल केलं की माणूस नुसता बोलघेवडा नाही. खांबाचा खालचा भाग सिमेंटमध्ये गाडलेला. त्यावर बिजागरी आणि एक जाड खीळ. तार सैल करून खीळ काढली की सगळा खांब आडवा होऊन हातात येई. बल्ब गेला तर जमिनीवर उभं राहून बदलायचा. “बल्बने माणसाकडे यावं,” व्याही सुताराला समजावत होते, “माणसाने का म्हणून बल्बकडे जायचं?” सुताराला ते फार आवडलं. त्यामागचं कारण फक्त मला माहीत होतं.

खांब उभे केले ते थोडे बाहेरच्या बाजूला झुकलेले. मी म्हणालो, “व्याही, हे तिरके लागलेत.”

“तिरकेच लावायचे. लग्नाआधी सगळेच जरा बाहेर झुकलेले असतात. तारेचा ताण आला की येतात सरळ.”

आणि आले. भिंतीपासून खांबांपर्यंत लोखंडी तारा गेल्या, त्यांवर माळा चढल्या. दिव्यांचा भार तारेने घ्यायचा, वायरने नाही, हे ते मला दर तारेला सांगत होते. दिवे लावून बघितले तेव्हा अंगण छान दिसलं. फक्त झाडाकडचा कोपरा काळा राहिला. तिथे खांब लावायला खड्डा घेऊन पाहिला होता, पण सगळी मुळंच लागली. मुलगी त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. टेबलं दुसऱ्या दिवशी यायची होती आणि परवापासून गिऱ्हाइकं.

सकाळी मी पोचलो तेव्हा व्याह्यांच्या हातात जावयाचा एक जुना मोजा होता, वाळूने भरलेला, आणि त्याला बारीक दोरी बांधलेली. योजना अशी होती की मोजा फांदीवरून पलीकडे फेकायचा. तो खाली आला की त्याच्या दोरीने जाड दोरी ओढायची, तिच्या मागून कप्पी. सगळं जमिनीवरून.

“शिडी नको,” ते म्हणाले. “शिडी म्हणजे जुनी पद्धत.”

पहिला मोजा सुताराच्या पत्र्यावर पडला. आतून आवाज आला, “काका, आता दगडं मारता का?”

“मोजा आहे!”

“पायासकट?”

दोन-तीनदा फेकून त्यांचा खांदा भरून आला. मोजा माझ्या हातात देत ते म्हणाले, “घ्या. लहानपणी दगड मारून फळं पाडली असतील ना?”

“नाही.”

“मग लहानपणी केलंत काय?”

“दुसऱ्यांनी पाडलेली वेचायचो.”

व्याही माझ्याकडे बघत राहिले आणि मग एवढे हसले की त्यांना झाडाला हात लावून उभं राहावं लागलं. मी मोजा फेकला. कसा कोण जाणे, तो नेमका फांदीवरून पलीकडे गेला आणि दोन फांद्यांच्या बेचक्यात जाऊन रुतला. पुढे जाईना, मागे येईना. आम्ही दोघांनी दोरी ओढली तसा तो आणखी घट्ट बसला. व्याह्यांची ओढायची रीत इथे उलटी पडली. तेवढ्यात दोरी तुटली आणि मोजा वर लोंबत राहिला. दुसरा मोजा भरून फेकायची ताकद दोघांतही उरली नव्हती.

मुलगी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. वर पाहिलं. “हा ह्यांचा मोजा वर काय करतोय?”

व्याही तुटलेली दोरी गुंडाळायला लागले.

“अण्णा, शिडी लावून काढा ना. नाही तर राहू दे, संध्याकाळी हे आले की चढतील.”

संध्याकाळी जावई येणार, झाडावरचा मोजा बघणार आणि विचारणार, की अण्णा आयुष्यभर शिडी वापरत आले, मग आज मोजे का फेकत होते. व्याह्यांच्या ते लक्षात आलं होतं हे मला दिसत होतं. ते भिंतीला टेकवलेल्या शिडीपाशी गेले. ती झाडाला लावली. सवयीने ओढून बघितली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि काढला. मग परत ठेवला. मी शिडी धरायला पुढे झालो, आणि या वेळी त्यांनी हाताने मला थांबवलं.

“सूनबाई,” ते म्हणाले, “मी वर जात नाही आता. मला जाता येत नाही.”

मुलीने त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. हात एप्रनला पुसले. “मग आधी सांगायचं ना. कोणती फांदी?”

ती चढली. पुढचा सगळा वेळ व्याह्यांनी खाली उभं राहून तिला एवढ्या सूचना केल्या की बेकरीत आलेलं एक गिऱ्हाईक मागे येऊन बघून गेलं. ती नको. तिच्या खालची. बुंध्याजवळ, टोकाला नको. दोरी नको बांधूस, साल कापते, तो रुंद पट्टा घे. खिळा तर नावच नको. “अण्णा, मी पडले तर तुमच्या आवाजाने पडेन,” ती वरून म्हणाली. पट्टा गुंडाळायच्या आधी तिने, कोणी न सांगता, एका हाताने शिडी धरली आणि दुसऱ्या हाताने फांदी जोरात ओढून बघितली. व्याही बोलता बोलता थांबले. नंतर तिने विचारल्याशिवाय त्यांनी काही सांगितलं नाही.

कप्पी बसली, वजन सोडलं, माळ कोपऱ्यापर्यंत गेली. मोजा ती खाली घेऊन आली.

संध्याकाळी जावई आला. दिवे लागले होते. तो खूश झाला, आणि मग त्याची नजर झाडावर गेली. “तो पट्टा कोणी बांधला?”

“मी,” मुलगी म्हणाली. “मला हौस आली.”

व्याह्यांना तिथे गप्प बसता आलं असतं. पण ते म्हणाले, “हौस नाही. मला वर चक्कर येते. त्या दिवशी फांदी कुजकी नव्हती. हे व्याही साक्षीला होते.”

जावई माझ्याकडे वळला. “बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

“मी शिडी धरली होती,” मी म्हणालो. याहून चांगलं उत्तर आजही सुचत नाही.

तो खुर्ची ओढून बसला. “अण्णा, आपलं काय ठरलं होतं?”

“ठरलं होतं ते ठरलं होतं. विकून टाक सामान. उद्यापासून गल्ल्यावर बसतो.” व्याह्यांनी हे इतक्या साध्या आवाजात म्हटलं की मला त्यांची नेहमीची बढाई हवीशी वाटली.

मुलगी टेबल पुसत होती. ती म्हणाली, “ठरलं होतं ते शिडीचं. खांब कोणी निवडायचे, ते कुठे ठरलं होतं?”

“एकच काम आहे ते,” जावई म्हणाला.

“एकच कसं? आज वर मी होते, पण तोंड खालीच चालू होतं.”

जावयाला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. तो उठला, एका खांबापाशी गेला, तार सैल करून खीळ काढली आणि परत घातली. परत आला तेव्हा म्हणाला, “शिडी आपल्या घराला रंग देणाऱ्या रंगाऱ्याला देऊन टाकतो. वर तो जाईल. तुमचा पाय जमिनीवरून सुटलेला मला दिसला, तर मग सगळंच बंद. आणि सकाळी गल्ल्यावर बसायचंच.”

“माझी शिडी? फुकट?”

“फुकट.”

व्याह्यांनी शिडीकडे पाहिलं. “त्याला सांग, आधी ओढून बघ म्हणावं. तिसरी पायरी हलते.”

तसंच झालं. सकाळी ते गल्ल्यावर बसत. तिथला खण त्यांनी इतक्यांदा ओढून बघितला की शेवटी सुताराला बोलवावं लागलं. दुपारी कुठे बोलावणं असलं की जात, आधार निवडत, आणि रंगारी वर चढून तारा बांधी. कामं पूर्वीएवढी राहिली नाहीत. वर न जाणारा कसला माळवाला, असं काही लोक म्हणत आणि दुसरीकडे जात. व्याह्यांच्या कानावर ते येत असावं. ते म्हणत, “चढणारे पुष्कळ मिळतात, निवडणारा मिळत नाही.” हे ते पहिल्यापासून म्हणायचे की शिडी गेल्यावर म्हणायला लागले, हे आठवायचा मी प्रयत्न केला, पण मला खात्रीने सांगता येत नाही. मला ते अधूनमधून बरोबर नेत. मी मागून चालत असे. आमचं फारसं बोलणं होत नसे, म्हणजे ते बोलत आणि मी ऐकत असे.

गेल्या पावसाळ्यानंतर ते झोपेतच गेले. आजारी नव्हते. मुलगी सकाळी चहा घेऊन गेली तेव्हा कळलं. दोन-तीन दिवसांनी एका संध्याकाळी जावयाने अंगणातले सगळे खांब एकेक आडवे केले, बल्ब पुसले आणि परत उभे केले.

व्याही गेले त्याच्या आधीच्या आठवड्यात मी बेकरीत गेलो होतो. मागच्या अंगणात दिवे नुकतेच लागले होते आणि बदामाची लाल पानं टेबलांवर पडली होती. व्याही झाडाच्या कोपऱ्यात बसले होते. समोर नवीन खुर्च्या आल्या होत्या, त्यातली एक त्यांनी पायाने माझ्याकडे सरकवली.

“ओढून बघितलीत का?” त्यांनी विचारलं.

मी खुर्चीची पाठ धरून हलवली. “बघितली.”

“मग बसा.”